सोरेवालला वर येण्याचा खर्च

दिर्चेमावशीचा नवरा रिनाल्दो गेला, त्याच्या पुढच्या पानगळीत तिच्या स्वयंपाकघरात पेलेटची शेगडी आली. मीच ती माझ्या गाडीतून वर डोंगरातल्या सोरेवाल वस्तीवर नेली. खालच्या गावात माझं दुकान आहे. खिळे, कुलपं, कोंबड्यांचं खाद्य, बर्फाची फावडी, आणि अलीकडे सगळ्यात जास्त खप पेलेटच्या गोण्यांचा. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या या कांड्यांवर आता आमचं अर्धं खोरं हिवाळा काढतं.

त्याआधी त्या जागी जुनी लोखंडी चूल होती. रांधायचं तिच्यावर, शेकायचं तिच्यापुढे, ओले मोजे वाळत घालायचे तिच्याच दांडीवर. रिनाल्दो गवंडी होता. निम्मं आयुष्य त्याने जर्मनीत लोकांच्या भिंती बांधण्यात घालवलं, आणि घरी आला की हिवाळ्याची लाकडं फोडायची हेच त्याचं काम. तो गेल्यावर लाकडं कोण फोडणार? मुलगी ओर्नेल्ला इटलीबाहेर, ऑस्ट्रियात ग्राझला असते. तिने आणि जावयाने ठरवलं, आईला नवी शेगडी घ्यायची. सरकारी सवलत मिळत होती. जुनी चूल जावयाने उचकटली आणि ग्राझला नेली. तिथे ती त्यांच्या बागेत आहे, वर फुलांच्या कुंड्या मांडल्यात. ओर्नेल्लाने फोटो पाठवला तेव्हा मावशी मला म्हणाली, "बरं झालं. निदान तिच्यावर कुणीतरी काहीतरी ठेवतंय."

मावशीचा आवाज मोठा. शाळेच्या स्वयंपाकघरात पन्नास पोरांच्या गोंगाटावरून ओरडण्यात जन्म गेला, त्यामुळे शाळा बंद पडून वर्षं झाली तरी आवाज काही खाली आला नाही. एकटी असली तरी ती त्याच आवाजात बोलायची. मी गोण्या घेऊन पोचायचो तेव्हा बाहेर अंगणातच ऐकू यायचं. कोणी आलंय की काय असं वाटायचं. आत बघावं तर मावशी आणि शेगडी. शेगडीला ती 'बाईसाहेब' म्हणायची, कारण तिला विजेशिवाय चालत नाही, ओलसर पेलेट चालत नाही आणि जरा मनाविरुद्ध झालं की ती पडद्यावर लाल अक्षरं दाखवून पीं पीं करते.

अशा शेगडीची वर्षातून एकदा साफसफाई करून घ्यावीच लागते. आतला पंखा, राख ओढणाऱ्या वाटा, मागचा नळ, वरचं धुराडं, दाराच्या फटी बंद करणारी दोरी, पेटवायची कांडी, सगळं उघडून बघायचं. नाहीतर कंपनीची हमी जाते, आणि काही झालं तर विमेवाले हात वर करतात. आमच्याकडे हे काम लोरिस करतो. उंच, थोडा वाकलेला, काही वर्षांपूर्वी ज्याला बायको सोडून गेली असा, कमी बोलणारा. खालच्या तोलमेत्सो शहरापासून वरच्या शेवटच्या वस्तीपर्यंत सगळ्या शेगड्या त्याच्याच हाताखालच्या.

मावशीची शेगडी आली तेव्हा सोरेवालमध्ये अशा सहा शेगड्या होत्या. सप्टेंबरातला एक दिवस लोरिस सोरेवालसाठी राखून ठेवायचा. सकाळी वर चढायचा आणि एकामागून एक घर उरकायचा. साफसफाईचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे, आणि वळणावळणाच्या रस्त्याने वर येण्याजाण्याचा खर्च सहा घरांत वाटून घ्यायचा. तो इतका थोडा पडायचा की कुणी त्याचा विचारही करत नसे. दुपारचं जेवण मावशीकडे. ती बटाटा आणि चीजचा फ्रिको करायची, मक्याच्या जाड पिठाचा पोलेंता करायची, आणि ज्यांच्या शेगड्या होऊन गेल्या तेही वास घेत यायचे. इनेसआजी यायची, शिक्षक झानीन आणि त्याची बायको यायची, एकदा तर पाद्रीही आला, त्याच्या घरात शेगडी नव्हती तरी. लोरिसचे हात कोपरापर्यंत काळे असायचे आणि इनेसआजी दर वर्षी त्याला म्हणायची, "असा नवरा मला पाठव रे कुणीतरी. निदान काम केलेलं दिसतं अंगावर."

मग इनेसआजी गेली. झानीन मंडळी नातवंडांसाठी उदिनेला उतरली. दोन घरांना नुसतीच कुलपं लागली, कधी ते कुणाला नीट कळलंही नाही. सहाच्या चार झाल्या, चाराच्या दोन. दर सप्टेंबरात वाटणी थोडी थोडी मोठी होत गेली. शेवटी उरलेल्या दोघींपैकी पिएरिनाबाईला तिच्या मुलाने खाली नेलं, आणि त्या सप्टेंबरात लोरिसने मावशीला फोन केला.

हे मला मावशीनेच नंतर सांगितलं, दोघांचे आवाज काढून.

"मावशी, या वर्षीचं कसं करायचं?" लोरिस म्हणाला.

"कसं म्हणजे? ये. फ्रिको करते."

"फ्रिकोचं नाही म्हणत. वर आता तुमची एकटीचीच शेगडी आहे."

"मग?"

"मग येण्याजाण्याचं सगळं तुमच्याच नावावर लागतंय. पेट्रोल आहे, आणि माझा अर्धा दिवस जातो. धुराडं धरून दोनशे युरोच्या वर जाईल. मी मुद्दाम आधी सांगतोय."

  मावशी म्हणाली, "या वर्षी राहू दे. तशी बरी जळतेय बाईसाहेब."

"मावशी, राहू देऊ नका."

"बरी जळतेय म्हटलं ना."

पैसे नव्हते असं नाही. रिनाल्दोची जर्मनीची पेन्शन थोडी यायची, तिची स्वतःची थोडी होती. ओर्नेल्लाला म्हटलं असतं तर तिने त्याच दिवशी पाठवले असते. पण मावशीला लागला तो आकडा नव्हता. मला म्हणाली, "एलिओ, शेगडी तीच, राख तीच, माणूस तोच. महाग काय झालंय, तर मी एकटी उरले ते. आणि त्याचं बिल मी भरायचं?"  मी गोण्या पडवीत रचल्या आणि खाली आलो.

ओर्नेल्लाला तिने सांगितलं की साफसफाई झाली. स्वतःपुरती केलीही. रोज सकाळी जळण्याची वाटी खरवडायची, काच ओल्या कागदाने पुसायची. एकदा घरातल्या धूळ ओढायच्या मशिनने राख ओढायला गेली. राखेत एक निखारा जिवंत होता, मशिनची पिशवी जळाली, आणि जळक्या वासाने आठवडाभर खिडक्या उघड्या ठेवाव्या लागल्या. पण मागच्या नळापर्यंत आणि वरच्या धुराड्यापर्यंत तिचा हात पोचत नव्हता. राख आणि काजळी तिथे बसत राहिली. नाताळच्या सुमारास मी गेलो तेव्हा ज्योत पिवळी आणि आळशी झाली होती, काच संध्याकाळपर्यंत काळी पडायची.

"मावशी, लोरिसला बोलवा," मी म्हणालो.

"तूही त्याचाच," ती म्हणाली.

जानेवारीत मोठा बर्फ पडला. खालीही माझ्या दुकानाचं दार उघडायला फावडं लागलं. वरच्या रस्त्यावर दरड आणि बर्फ एकत्र आले आणि रस्ता बंद झाला. त्याच दिवशी बाईसाहेबांनी लाल अक्षरं दाखवली, पीं पीं केलं आणि विझल्या. मावशीने बटण दाबून पुन्हा पेटवायचा प्रयत्न केला. कांड्या वाटीत पडायच्या, थोडा धूर व्हायचा आणि पुन्हा तेच.

तिने लोरिसला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, आता पेटवायच्या फंदात पडू नका. नळ तुंबलाय. रस्ता उघडला की पहिला तुमच्याकडे येतो." तिने मला फोन केला. तिच्याकडे विजेवरचा एक लहान हीटर होता, पण तो लावून स्वयंपाकाची विजेची शेगडी लावली की मीटरचं बटण पडून वीज जायची, आणि मीटर तळघरात. मी म्हणालो, "मावशी, क्विंतोकडे जा."

"त्याच्या दारात मी जाणार नाही."

"वर तो एकटाच आहे आता."

"ठाऊक आहे मला वर कोण आहे ते," असं म्हणून तिने फोन ठेवला.

क्विंतोचं सांगायचं राहिलं. सोरेवालमध्ये तेव्हा दोनच माणसं राहत होती, दिर्चेमावशी आणि क्विंतो. क्विंतो आईबापाचं पाचवं पोर, लग्न न केलेला, मावशीच्याच वर्गातला. दोघं शाळेत एका बाकावर बसलेली. पण गेली तीसेक वर्षं त्या दोन घरांत बोलणं नव्हतं. क्विंतोच्या अंगणात अक्रोडाचं झाड होतं, त्याच्या बापाने लावलेलं. त्याच्या फांद्या रिनाल्दोच्या छपरावर यायच्या. क्विंतो बेल्जियममध्ये खाणीवर होता त्या वर्षी रिनाल्दोने झाड तोडलं. फांदी नाही, झाड. क्विंतो नाताळला घरी आला तेव्हा बुंधा तेवढा होता. तो ओरडला नाही, कोर्टात गेला नाही. त्या दिवसापासून त्या घराकडे बघितलंच नाही त्याने. रिनाल्दोच्या अंत्ययात्रेला आला, चर्चच्या मागच्या बाकावर बसला आणि कुणाशी न बोलता निघून गेला.

मावशीने दोन दिवस काढले. कोट घालून, डोक्याला लोकरीचा रुमाल, पायांत रिनाल्दोचे मोजे. दुसऱ्या दिवशी तिने पोलेंतासाठी ऑलिव्ह तेलाची बाटली तिरकी केली आणि त्यातून काही येईना. तेल गोठून पांढरं झालं होतं. ती बाटली हातात धरून ती बराच वेळ उभी राहिली. मग बाटली तशीच पिशवीत घातली, काठी आणि फावडं घेतलं आणि निघाली. दोन घरांमध्ये अंतर ते काय, पण बर्फ मांडीपर्यंत होता. वाट तिने फावड्याने आणि गुडघ्याने केली.

क्विंतोने दार उघडलं. तिने कोटावरचा बर्फ झटकला.

"शेगडी बंद पडली," ती म्हणाली.

"दिसलं. परवापासून तुझ्या धुराड्यावर काही नाही."

"दिसलं तर आला का नाहीस?"

"बोलावलं नाहीस."

"तू माझ्याशी बोलत नाहीस. बोलावू कशी?"

क्विंतोने यावर थोडा विचार केला. "तेही खरंच," असं म्हणून तो बाजूला झाला.

त्याच्याकडे जुनीच चूल होती. तशीच, जशी तिच्याकडे पूर्वी होती. मावशी म्हणते, ती चुलीजवळ बसली आणि तिला रडू आलं, पण तिने ते थंडीवर ढकललं.  क्विंतोने चुलीवर बीन्स आणि जवाचं सूप ठेवलेलं होतं, ते दोन वाट्यांत ओतलं. ती तेलाची बाटली तिने चुलीच्या कडेला ठेवली. थोड्या वेळाने तेल पिवळं झालं तेव्हा तिने ते दोघांच्या सुपावर घातलं.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

"मला एवढंच लागतं."

"तुला एवढंच लागतं कारण तुला कुणी सांगितलं नाही."

रस्ता उघडेपर्यंत ती तिथेच राहिली. क्विंतोच्या बहिणीची खोली होती, बहीण कधीच गेलेली, पण पलंग होता. क्विंतोला ऐकू कमी यायचं, मावशीचा आवाज मोठा, त्यामुळे त्यांचं जमलं. कोण कोण गेलं याची उजळणी झाली. शाळेतल्या बाईंची झाली. शहात्तरच्या भूकंपानंतर तंबूत काढलेल्या उन्हाळ्याची झाली. त्यात एकदा मावशीने ते झाडाचं काढलं.

"मीच सांगितलं होतं तोडायला," ती म्हणाली. "पानं छपराच्या पन्हळीत साठायची. दर पानगळीत मी बडबड करायचे. शेवटी तो चिडून कुऱ्हाड घेऊन गेला."

"मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"रिनाल्दोला स्वतःहून काही सुचायचंच नाही. शाळेतही तुझ्याच पाटीवरून उतरवायचा."

मावशी हसली. तो हसला नाही. म्हणाला, "झाड बापाचं होतं." मावशीने मान हलवली. माफी मागितली का, असं मी तिला विचारलं तर म्हणाली, "ती आता मागून काय करायची होती? मी त्याचे शर्ट शिवून दिले. सगळ्यांची बटणं गेलेली."

याच मुक्कामात तिला एक गोष्ट कळली. क्विंतोच्या मागच्या खोलीत, चादर घातलेली, पेलेटची शेगडी होती. पोर्देनोनेला त्याची भाची राहते, तिने सवलतीच्या त्याच वर्षी बसवून दिलेली. क्विंतोने ती एकदा पेटवली आणि बंद केली.

"का?" मावशीने विचारलं.

"घुमते. घरात भुंगा पाळल्यासारखं. मला आधीच ऐकू कमी येतं, त्यात जे येतं ते हे कशाला?"

रस्ता उघडला त्या दिवशी लोरिस खरंच सगळ्यात आधी वर गेला. मीही गेलो, गोण्या घेऊन. शेगडीचा मागचा नळ त्याने उघडला तर आत हाताची मूठ जाईना इतकी राख. पेटवायची कांडीही जळाली होती. पुन्हा पुन्हा पेटवण्याच्या खटाटोपात गेली असावी. सगळं करून झाल्यावर मावशीने विचारलं, "किती?"

लोरिसने सांगितलं. सप्टेंबरात जे झालं असतं त्याच्या जवळजवळ दुप्पट होतं. तो खाली बघूनच बोलला.

"वाटलंच," मावशी म्हणाली. तिने पैसे दिले, कॉफी दिली, कॉफीत ग्राप्पा दारूची धार सोडली. मग म्हणाली, "आणि वर दोन शेगड्या असत्या तर?"

"तर येण्याजाण्याचं निम्मं. पण दुसरी कुठाय?"

 मी मावशीचा चेहरा पाहिला. शाळेत जेवण कमी पडायला लागलं की तिचा चेहरा असा व्हायचा. मीही त्याच शाळेत जेवलोय.

त्या हिवाळ्यात आणि नंतरच्या वसंतात तिने क्विंतोची पाठ सोडली नाही. रोज संध्याकाळी ती त्याच्याकडे जाऊ लागली होती किंवा तो तिच्याकडे येऊ लागला होता. पत्ते खेळायचे, बातम्या बघायच्या. बातम्यांचा आवाज एवढा मोठा, की सोरेवालच्या वरच्या कुरणावरच्या गाईंनाही सरकार पडल्याचं कळत असेल. आणि खेळता खेळता मावशी विषय काढायची.

"क्विंतो, तुझी ती शेगडी सप्टेंबरात साफ करून घे."

"मी ती पेटवत नाही."

"नसशील पेटवत. साफ करून घ्यायला काय जातं?"

"ज्यात जेवलोच नाही ती भांडी घासायची का?"

"लोरिसचं येणंजाणं दोघांत पडेल."

"म्हणजे तुझं निम्मं वाचावं म्हणून मी रिकामी शेगडी धुवायची."

"हो," मावशी म्हणाली.

त्याने पान टाकलं. त्या दिवशी त्याचा विचार काही कळला नाही. पण सप्टेंबरात लोरिसला फोन आला तो क्विंतोचा. लोरिस मला सांगतो, आधी त्याला वाटलं कुणी मस्करी करतंय. क्विंतोने आयुष्यात त्याला फोन केला नव्हता. म्हणाला, "वर दोन आहेत. दोन्ही करायच्या." आणि ठेवला.

लोरिसने क्विंतोच्या शेगडीवरची चादर काढली. आत एक कोळ्याचं जाळं आणि चिमूटभर राख, त्या एकदाच्या पेटवण्याची.

"यात मी काय साफ करू?" लोरिसने विचारलं.

"जे करतोस ते कर."

"याचे पैसे घ्यायला मला लाज वाटेल हो."

"शेगडीचे घेऊ नकोस मग. येण्याजाण्याचे निम्मे घे. तेवढ्यासाठीच बोलावलंय."

दुपारी मावशीकडे फ्रिको झाला. ती पुन्हा तीन ताटं मांडत होती याचा तिला इतका आनंद झाला, की बटाटे दुप्पट सोलले गेले. मला डबा भरून खाली पाठवला. लोरिस उशिरापर्यंत बसला. बायको गेल्यापासून तो दुपारचं जेवण गाडीतच करायचा, हे त्याने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं म्हणे, आणि क्विंतोने त्याच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला. असे दोन सप्टेंबर झाले. दुसऱ्या वर्षी क्विंतोने लोरिसला चुलीचं धुराडंही झाडायला लावलं, म्हणजे खरोखर काही काम झालं असं व्हावं.

मग गेल्या मार्चमध्ये क्विंतो अंगणात पडला. बर्फ विरघळून रात्री पुन्हा गोठला होता. मावशीला तो सकाळी सापडला. तिने त्याला हलवायचा प्रयत्न केला नाही, घरातली सगळी पांघरुणं आणून त्याच्यावर घातली आणि शेजारी बसून ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्याच्याशी मोठ्याने बोलत राहिली. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण पाय पूर्वीसारखा झाला नाही. भाचीने त्याला तोलमेत्सोजवळच्या वृद्धाश्रमात ठेवलं. घर बंद केलं. शेगडी नाही नेली, तिला ती आठवलीही नसेल.

सोरेवालमध्ये आता मावशी एकटी आहे.

महिन्यातून दोनदा, शुक्रवारी, मी तोलमेत्सोला माल आणायला जातो तेव्हा तिला गाडीतून नेतो. मी गोदामात, ती वृद्धाश्रमात. तिथल्या बायका तिला क्विंतोची बायको समजतात. एकदा मी आत गेलो तेव्हा एक परिचारिका म्हणाली, "तुमचे यजमान आज नीट जेवले नाहीत." मावशी म्हणाली, "मीठ कमी असेल." आणि पिशवीतून फ्रिको काढला. दुरुस्ती तिने केली नाही, क्विंतोनेही नाही. तो खिडकीपाशी खुर्चीत बसलेला असतो. सगळे त्याच्याशी हळू आणि गोड बोलतात, त्यामुळे त्याला काहीच ऐकू येत नाही. मावशी आली की खोलीत कुणीतरी बोलतंय हे त्याला कळतं.

ओर्नेल्ला म्हणते, ग्राझला ये. या उन्हाळ्यात ती आणि जावई येऊन राहिले, घराचं काय करायचं याबद्दल बोलले. मावशीने ऐकून घेतलं. ते गेल्यावर मी गोण्यांचं विचारायला गेलो, कारण जाणार असेल तर उगाच कशाला साठवायच्या.

"दर वर्षीएवढ्याच आण," ती म्हणाली.

"मावशी, एकटीने वर आता..." मी सुरुवात केली.

"ऐक. नगरपालिकेत मी विचारून आले. वर कुणी राहत असेल तोवरच बर्फ काढायची गाडी वरपर्यंत येते. कुणी नसलं तर खालच्या पुलापाशीच वळते."

"बरोबर आहे. तसंच करतात."

"मग मी उतरले की रस्ता गेला. आणि क्विंतो सारखा विचारतो, घरी कधी जायचं. उद्या बरा झाला तर कुठल्या रस्त्याने आणायचं त्याला?"

क्विंतो बरा होऊन घरी येईल असं मला वाटत नाही. भाचीलाही वाटत नाही. मावशीला वाटतं की नाही हे मी विचारलं नाही. ती टेबल पुसत होती, पुसलेलं पुन्हा पुसत होती.

या सप्टेंबरात तिने स्वतःच लोरिसला फोन केला. किती होतील ते विचारलंच नाही. लोरिस गेला, शेगडी उघडली, नळ, पंखा, धुराडं सगळं केलं. येण्याजाण्याचं तो कमी सांगू लागला तर तिने पूर्ण घ्यायला लावलं. "तुझं पेट्रोल काय निम्म्या रस्त्यावर संपतं का?" म्हणाली. जेवायला दोघंच होते. फ्रिको जरा करपला होता, असं लोरिस म्हणतो. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली आणि तिच्या लक्षात राहिलं नाही.  लोरिस निघाला तेव्हा ती अंगणाच्या फाटकापर्यंत आली, नंतर रस्त्यापर्यंत, आणि तो पहिल्या वळणावर पोचला तेव्हाही आरशात ती तिथेच होती.

परवा पहिला बर्फ पडला. मी सकाळी गोण्या घेऊन वर निघालो. पुढे नगरपालिकेची बर्फाची गाडी होती. पोरगेलासा नवा चालक होता, त्याने गाडी थांबवून मला विचारलं, "वर खरंच कुणी राहतं का हो? एका माणसासाठी एवढं?"

"राहतात," मी म्हणालो. "दोन घरं आहेत. दुसऱ्याच्या दारापर्यंत काढ."

त्याने काढला. मावशीने आम्हा दोघांना आत बोलावलं. चालकाला पुढची वस्ती करायची होती, तो उभ्याउभ्या कॉफी पिऊन गेला. मला तीन ठिकाणी माल पोचवायचा होता. पण मी कोट काढला आणि बसलो. शेगडी स्वच्छ जळत होती.

"क्विंतोला सांग बर्फ पडला म्हणून," मावशी म्हणाली. "नाहीतर राहू दे. शुक्रवारी मीच सांगते."